जँगोच्या टेम्प्लेटमध्ये गुणाकार: माझा अनुभव

बिलाच्या पानावर दर ९९.५० आणि पाठवणी २० रुपये, पण बेरीज यायची ११९. पन्नास पैसे गायब! जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, आणि टेम्प्लेट म्हणजे तिच्यातला पानाचा साचा. त्यातला बेरजेचा 'ॲड' फिल्टर आधी दोन्ही आकडे पूर्णांकात बदलून बघतो, त्यामुळे दशांश तिथेच कापला जातो. गुणाकाराला तर तयार फिल्टरच नाही. 'विड्थरेशो' हा टॅग (टेम्प्लेटमधली आज्ञा) वापरून काम भागवतात, पण तोही उत्तर पूर्णांकातच देतो: ९९.५० गुणिले ३ म्हणजे २९८. पैशांच्या हिशेबात हे चालणार नाही.

म्हणून स्वतःचा टॅग लिहिला. ॲपच्या फोल्डरमध्ये 'टेम्प्लेटटॅग्ज' नावाचं फोल्डर, त्यात रिकामी इनिट फाइल आणि एक पायथन फाइल. त्या फाइलीत 'रजिस्टर' हे लायब्ररी ऑब्जेक्ट करायचं आणि दोन ओळींच्या गुणाकाराच्या फंक्शनवर 'सिम्पल टॅग' डेकोरेटर (फंक्शनचा टॅग बनवणारी खूण) लावायचा. दर फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश आकडा) नको, डेसिमलच (नेमका दशांश) ठेवा, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ सुद्धा नेमके ०.३ होत नाहीत. नग रिकामा आला तर फंक्शन शून्य परत देतं, नाहीतर सगळं पान कोसळतं.

नवीन फाइल टाकल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करा. आणि बेस (मूळ) टेम्प्लेटमध्ये टॅग आणायला केलेलं 'लोड' त्यावर बेतलेल्या पानांना मिळत नाही, प्रत्येक पानात वेगळं लिहावं लागतं. इथे पुष्कळजण अडकतात.

'ॲज' लावून उत्तर नावात साठवता येतं, ते पुढे 'फ्लोटफॉरमॅट' फिल्टरला २ या आकड्यासह द्या, दोन दशांश नीट दिसतात. बिलाची एकूण रक्कम मात्र मी मॉडेलमध्येच (डेटाची रचना सांगणाऱ्या पायथन क्लासमध्ये) काढतो. तिची चाचणी तिथे सहज लिहिता येते.