उन्हाळी सराव शिबिराची तयारी: आधी टब, मग बाकीचं

टोप्या, सैल कपडे, प्रत्येकाची स्वतःची बाटली, प्रथमोपचार पेटी, पालकांचे फोन नंबर. हे सगळं मागच्या वर्षीही माझ्याकडे होतं. उष्माघात झालेल्या मुलाला लगेच गार पाण्यात बुडवायला टब नव्हता. म्हणून यादी टबापासून सुरू करते. गटातल्या सगळ्यात थोराड मुलाचं अंग मानेपर्यंत बुडेल एवढा टब हवा. तो सावलीत ठेवा, मुलं मैदानात उतरण्याआधीच पाण्याने भरा, आणि शेजारी पाणी गारेगार होईल एवढा बर्फ शीतपेटीत ठेवा. ‘लागला तर आणू’ म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी शेवटच्या फेरीत एक चौदा वर्षांचा मुलगा मध्येच थांबला आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. मग परत सोडली. हाक मारली तर मला म्हणाला, ‘तुम्ही कोण?’ आणि त्याचे पाय लटपटले. अंग घामाने निथळत होतं, म्हणून हा उष्माघात नसेल असं मी धरून चालले. चूक. खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. कपाळावर ओले रुमाल ठेवत आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. तो वाचला, पण पूर्ण बरा व्हायला बरेच दिवस गेले, आणि ती फुकट गेलेली मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि मूल असंबद्ध बोलायला-वागायला लागतं, तेव्हा तो उष्माघात. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते तापमान उतरवलं तर जीव जवळजवळ नेहमीच वाचतो. म्हणून आधी गार करायचं, मग हलवायचं. रुग्णवाहिकेला फोन ताबडतोब, पण ती येईपर्यंत मूल टबात. काखांखालून टॉवेल घालून एकाने धरायचं, डोकं बाहेर ठेवायचं, दुसऱ्याने पाणी ढवळत राहायचं, कारण अंगालगतचं पाणी लगेच कोमट होतं. टब मिळालाच नाही तर ताडपत्रीच्या कडा चौघांनी उचलून धरा आणि तिच्यात मुलाला निजवून बर्फाचं पाणी ओता. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो कमी दाखवतो. अमेरिकन फुटबॉलपटू कोरी स्ट्रिंगर 2001 मध्ये सरावानंतर उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था कनेटिकट विद्यापीठात आहे, आणि तीही प्रशिक्षकांना हाच क्रम शिकवते.

टब कुठे आहे हे प्रत्येक मदतनिसाला माहीत हवं. पहिल्याच दिवशी एकदा रंगीत तालीम करा: एक मूल उचलून टबापर्यंत न्यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

आता पाणी. त्या मुलाची बाटली रिकामी होती, म्हणजे पाणी तो प्यायला होता. पाण्याने मदत होते, पण पाणी पाजलं की उष्माघात टळला असं समजू नका. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त घट नको. वजन वाढलं असेल तर मूल गरजेपेक्षा जास्त प्यायलंय. रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं पिऊ द्या, ढोसायला लावू नका.

उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. पहिले दिवस सराव छोटा ठेवा, दोन वेळचा तर नकोच. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या मुलांची नावं रोज सकाळी विचारा, आणि त्यांना बसवा, कितीही हट्ट केला तरी.

नुसतं तापमान बघू नका. वेट बल्ब ग्लोब मीटरमध्ये दमटपणा, ऊन, वारा सगळं धरलं जातं. कुठल्या आकड्याला सराव बंद, ते आदल्या दिवशीच लिहून ठेवा. मैदानावर ठरवायला गेलात तर ‘अजून एकच फेरी’ होते.

विश्रांती सावलीत. जेवण, झोप, नेहमीसारखं.

आणि रोज सकाळी शीतपेटीचं झाकण उघडा. कालच्या बर्फाचं आज पाणी झालेलं असतं.