चार बांध मोजून क्षेत्र निघत नाही

मोजणीच्या कामात नवीन पोरगं आलं की मी आधी एकच विचारतो: चारही बांध ५०-५० मीटर, तर क्षेत्र किती? लगेच उत्तर येतं, २५०० चौरस मीटर. गावचा हिशेबही तसाच, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि गुणायचं. पण रान काटकोनात आहे हे सांगितलं कोणी? तिरक्या शेताचा एक कर्ण ६० मीटर भरला, तर ५०, ५०, ६० चे दोन त्रिकोण पडतात. उंची ४०, प्रत्येकी १२०० चौरस मीटर. झाले २४००. जवळजवळ गुंठाभर रान नुसतं कागदावर! सरासरीचा हिशेब चुकला की जास्तीकडेच चुकतो, त्यामुळे विकणाऱ्याची तक्रार नसते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त यावर चांगलंच झापलंय. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा.

म्हणून आधी रानाला फेरी मारून कच्चा नकाशा काढा. मग सगळ्यात लांबचे दोन कोपरे जोडणारी पायारेषा धरा आणि बाकीच्या कोपऱ्यांवरून तिच्यावर लंब टाका. रानाचे त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. लंब नजरेनं टाकू नका. टेपनं ३-४-५ चा त्रिकोण करून काटकोन बघा. लंब तिरका गेला की लांबी वाढते आणि क्षेत्र फुगतं. उतारावर टेप आडवी धरा, जमिनीला टेकवून नाही.

खरी गंमत ओढ्याकडच्या बाजूला. समजा ४० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला लंब आले ०, ६, ९, ७, ०. शेजारच्या दोन लंबांची सरासरी गुणिले १० केली की पट्ट्यांचं क्षेत्र ३०, ७५, ८०, ३५; एकूण २२० चौरस मीटर. पण ओढा काही दर दहा मीटरनं वळत नाही. जिथं काठ वळतो तिथंच लंब घ्या, अंतरं कमीजास्त झाली तरी चालतील.

आता उपग्रहांच्या मदतीनं कोपऱ्यांचे बिंदू टिपणारं रोव्हर यंत्र क्षेत्र आपोआप देतं. तरीही एक कर्ण टेपनं मोजून ताळा घ्याच, कोपऱ्याचा एखादा बिंदू राहिला तर यंत्र ओरडत नाही. आणि शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर टेप गुंडाळा. तिथं खासगी मोजणी कामाची नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला सांगा.