मिसळीचा कट शर्टावर सांडला तर

माघ सरला की कोल्हापुरात सकाळचा गारवा नावापुरता उरतो. रविवारी रंकाळ्यावर चक्कर मारून आमची चौकडी मिसळीवर बसते. परवा जादा कटाची वाटी पुढं सरकवताना ती थेट दोस्ताच्या नव्या पांढऱ्या शर्टावर पालथी झाली. "भावा, रंगपंचमी अजून लांब हाय!" एवढंच बोलला बिचारा.

त्यानं तिथंच हात धुवायचा साबण घासला आणि पिवळा डाग लालभडक झाला. घाबरू नका. साबणातल्या अल्कलीनं हळद लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. डाग पक्का झाला असं नव्हे.

खरा घोळ तेलाचा असतो. म्हणून आधी कागदानं टिपून घ्या, चोळू नका. घरी आल्यावर पाणी लावायच्या आधी कोरड्या डागावर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावून दहा मिनिटं ठेवा, बोटानं हलकं फिरवा, मग साध्या पाण्यानं धुवा. तेलाबरोबर मिरचीचा बराचसा रंगही निघतो. हळदीचा पिवळेपणा राहीलच. त्यावर उपाय म्हणजे ऊन. ओला शर्ट डागाची बाजू वर करून भर उन्हात वाळत घाला. उन्हानं हळदीचा रंग उडतो, आणि या दिवसांत आपल्याकडं उन्हाला काय तोटा? डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका. रंगीत कपडा असेल तर ऊन बेतानंच, नाहीतर कापडाचाच रंग विटेल.

दोस्ताचा शर्ट दुसऱ्या उन्हात पांढरा झाला. मिसळीचं बिल मात्र मलाच पडलं.