वॉलआय टूर्नामेंटला पहिल्यांदा उतरताय? मग या चुका टाळा

मे महिना जवळ आला की इथे मिनेसोटात आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, की मिल लॅक्स तलावावर वॉलआय मासे गरवायची लोकल टूर्नामेंट आहे, आम्ही दोघं नाव देतोय, रॉड (गळाची काठी) कुठला घेऊ? अरे रॉड कुठलाही घ्या. रॉडमुळे हरलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. लोक हरतात ते रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, नाहीतर मासा गळाला लागताना, नाहीतर मासा हातात आल्यावर. आणि दरवर्षी त्याच त्याच चुका करून हरतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर तासभर बोलायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा, १९६५ पासून. मिल लॅक्स हा १,३२,००० एकरांचा तलाव, म्हणजे आपल्या जायकवाडीच्या नाथसागरापेक्षाही मोठा, पण खोली जास्तीत जास्त ४२ फूट. लोकल टूर्नामेंट बहुतेक दोघांच्या टीमची असते, सकाळी ठरलेल्या वेळेला सगळ्या बोटी सुटतात, दुपारी ठरलेल्या वेळेच्या आत परत यायचं, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी मासा पट्टीवर मोजून फोटो काढून तिथल्या तिथे सोडून द्यायचा असतो. ऐकायला सोपं आहे. आता बघा कसं बिघडतं ते.

सगळ्यात आधी बोटीचं बूच. बोटीच्या मागच्या बाजूला खाली एक भोक असतं, पाणी काढून टाकायला, त्याचा ड्रेन प्लग. मिनेसोटात कायदाच आहे की बोट ट्रेलरवर घालून रस्त्याने नेताना हा प्लग काढलेला पाहिजे, कारण एका तलावातलं पाणी दुसऱ्यात गेलं की झेब्रा मसल नावाचे शिंपले आणि काटेरी पाणपिसवा असली नको ती जनावरं पण जातात, आणि मिल लॅक्समध्ये ही दोन्ही आहेत. कायदा एकदम बरोबर आहे. फक्त काढलेला प्लग पाण्यात उतरताना परत बसवायचा असतो, आणि पहाटेच्या अंधारात, मागे बोटींची रांग, कोणीतरी हेडलाइट मारतंय, अशा वेळी नवखा माणूस नेमका तोच विसरतो.

मागे एका टूर्नामेंटला आपल्यातल्याच दोन पोरांनी सेकंडहँड बोट घेऊन नाव दिलं होतं. बोट झकास होती, मोठी स्क्रीन, बोटीच्या पुढचे पाण्यातले मासे स्क्रीनवर दाखवणारा लाइव्ह सोनार, बोट हळूहळू सरकवायची विजेची ट्रोलिंग मोटर, सगळं. रॅम्पवर मागच्याने हॉर्न दिला म्हणून घाईघाईत बोट पाण्यात ढकलली, एक जण पिकअप पार्क करायला गेला, दुसरा बोटीत बसून कॉफी पीत स्क्रीनवर मासे बघत बसला. आता यात गोम अशी आहे की पाणी बोटीच्या फ्लोअरच्या खाली भरत असतं, वर कार्पेट कोरडं ठाक, बसलेल्याला काही कळतच नाही. आम्ही शेजारी उभे होतो, हा मला ओरडून विचारतो, "दादा, बोट मागून जरा बसल्यासारखी वाटत्ये, इंजिन जड आहे म्हणून असेल का?" मी म्हटलं, "प्लग कुठंय?" तर याने पॅन्टचा खिसा चाचपला. नंतर ग्लोव्ह बॉक्सकडे हात नेला. नंतर पार्किंगकडे बघितलं. प्लग पिकअपमध्ये कपहोल्डरात होता आणि पिकअप पार पाव मैल लांब.

बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप, लाव म्हटलं तर त्याचा फ्यूज उडालेला, कारण बोट घेताना स्क्रीन चालू करून बघितली होती, पंप कोण बघतो. एरवी बोट जोरात पळवली आणि पुढून उचलली गेली की त्याच भोकातून पाणी आपोआप बाहेर जातं, पण तेवढं पाणी भरल्यावर बोट उचलतच नाही, नुसती नांगरासारखी पाणी कापत राहते. शेवटी बोट परत ट्रेलरवर घेतली, रॅम्पवर अर्धी वर ओढून ठेवली आणि भोकातून पाणी धो धो पडतंय ते बघत दोघं उभे. त्यात रॅम्प अडवला म्हणून मागच्यांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्या. बाकी सगळे सुटून गेले तरी यांचं पाणी चालूच, आणि मागच्या कप्प्यातली बॅटरी पाण्यात राहिल्यामुळे ट्रोलिंग मोटरने दुपारपर्यंत मान टाकली. हजारो डॉलरची यंत्रं आणि घात कशाने, तर चार-पाच डॉलरच्या बुचाने.

माझी सवय सांगतो. प्लग काढला की तो बोटीच्या चावीच्या रिंगमध्येच अडकवतो. चावी लावायला घेतली की प्लग हातात येतोच, बसवल्याशिवाय चावी फिरवताच येत नाही. एक जादा प्लग टॅकल बॉक्समध्ये कायम. आणि ट्रेलरचा पट्टा सोडायच्या आधी मी स्वतः मागे वाकून बोटाने चाचपतो, बायकोने "बसवलाय" सांगितलं तरी चाचपतो, त्यावरून घरी बोलणी खातो, चालेल. शिवाय सगळी तयारी, म्हणजे जॅकेट, बर्फ, आमिष, रॉड, हे रॅम्पच्या आधी पार्किंगमध्ये उरकायचं. रॅम्पवर उभं राहून सँडविच शोधणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

किल स्विचची, म्हणजे ओढला गेला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला अडकवा. छोट्या बोटींना २०२१ च्या एप्रिलपासून तो देशभराचा कायदा आहे, आणि तुम्ही पाण्यात पडल्यावर बोट गोल फिरून तुमच्याच अंगावर येऊ शकते. यावर चर्चा नाही.

आता दुसरी चूक, माझी लाडकी. झटका. आपल्यातले बरेच जण लहानपणी खाडीवर नाहीतर धरणावर गरवलेले असतात, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बोटावर धरून, टोचलं की हाण झटका. तो हात तसाच इथे येतो. इथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला बहुतेक जण लिंडी रिग वापरतात, म्हणजे तंगुसावर सरकणारं शिसं, त्याच्यापुढे तीन-चार फूट मोकळी दोरी आणि टोकाला बारीक गळावर जळू किंवा गांडूळ. हो, जळूच. आपल्याकडे जिच्या नावाने किंचाळतात ती इथे डझनावर विकत घेतात. या रिगची सगळी गंमत हीच की मासा आमिष तोंडात घेऊन निघाला तरी त्याला शिशाचं वजन लागत नाही, दोरी शिशातून सरकत राहते. आणि वॉलआय एकदम हबका मारत नाही हो, तो पाण्यासकट आमिष तोंडात ओढतो, चाखतो, काही संशय आला तर थुंकून टाकतो. तुमच्या हाताला काय लागतं, तर एक बारीकशी टिकटिक, किंवा तेवढंही नाही, रॉड नुसता जड झाल्यासारखा. तेवढ्यात तुम्ही रॉड आभाळाकडे भिरकावलात की वर काय येतं? अर्धी जळू.

एक पोरगा माझ्या बोटीत होता, सॉफ्टवेअरवाला, हुशार, यूट्यूबवर सगळं बघून आलेला. सकाळभर त्याला टिकटिक येत होती आणि सकाळभर तो झटके मारत होता, आणि दर वेळी तीच अर्धी कातरलेली जळू वर काढून मला दाखवायचा आणि म्हणायचा, "काका, इथले मासे लहान दिसतायत." मासे लहान नव्हते. शेवटी मी त्याचा रॉड माझ्याकडे घेतला, रीलची बेल, म्हणजे दोरी अडवणारी तार, उघडी ठेवली, दोरी एका बोटावर धरली आणि त्याला म्हटलं आता माझ्या बोटाकडे बघ. टिकटिक झाली, बोट सोडलं. दोरी हळूहळू पाण्यात चालायला लागली. तो मागून "मारा मारा मारा" करतोय. मी मनात शांतपणे आकडे मोजले, बेल बंद केली, ढील गुंडाळली, वजन लागलं, मग रॉड बाजूला लांब ओढला, झटका नाही, नुसता ओढला. मासा बोटीशी आला तेव्हा गळ कसा नीट जबड्याच्या कोपऱ्यात बसलेला होता. त्यानंतर पोराला मासे लागायला लागले, पण ते पहिले तास गेले ते गेलेच.

किती वेळ थांबायचं याचा ठरलेला आकडा नाही. मासे हावरट असतील तर लगेच, थंड पाण्यात सुस्त असतील तर बराच वेळ. जास्त थांबलात तर मासा गळ गिळतो, मग तो सोडला तरी जगेल याची खात्री नाही, तेव्हा गिळायला लागले की वेळ कमी करायचा. आणि हे सगळं रिगचं झालं. जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, टिक लागली की मात्र ताबडतोब मारायचं, तिथे थांबलात की गेला. क्रॉलर हार्नेस, म्हणजे चकाकत्या पात्यामागे गांडूळ लावलेली दोरी, बोटीमागे ओढत असाल तर रॉड होल्डरमध्येच पूर्ण वाकू द्या, आधीच उपटून घेऊ नका. तीन पद्धती, तीन वेगळे हात, आणि हे हाताला कळायला सोनारची स्क्रीन काही उपयोगाची नाही. लाइव्ह सोनारने मासा दिसतो, मान्य, मी पण बघतो, पण दिसला म्हणजे लागला असं धरून चालणारी मंडळी दिवसभर व्हिडिओ गेम खेळून घरी जातात.

वाऱ्याला घाबरून निवांत खाडीत जाऊन बसणं ही पण नेहमीचीच चूक. वॉलआयच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराला असतो तसा, त्यामुळे त्याला कमी उजेडात छान दिसतं आणि बारक्या माशांना दिसत नाही. पाणी आरशासारखं, वर लख्ख ऊन, म्हणजे हा खोलात जाऊन गप्प बसणार. वारा सुटून लाटा उठल्या की उजेड विखुरतो, पाणी गढुळतं, आणि हा खडकाळ उथळ्यावर चरायला येतो. इथले लोक अशा पाण्याला वॉलआय चॉप म्हणतात आणि त्याचीच वाट बघतात. म्हणून ज्या किनाऱ्यावर वारा आपटतोय तिकडे जा. अर्थात चॉप वेगळा आणि वादळ वेगळं. मिल लॅक्स पसरट आणि उथळ, त्यामुळे लाटा झटकन उभ्या राहतात, आणि सकाळी वीस मिनिटांत गाठलेली जागा दुपारी परतताना तासभर घेते. उशिरा पोचलात तर कुठे दंड, कुठे सरळ बाद. घड्याळ संयोजकांचं चालतं, तुमच्या फोनचं नाही. विजा दिसल्या तर बक्षीस गेलं खड्ड्यात, किनारा गाठा.

नियम गेल्या वर्षीचे घेऊन येऊ नका. मिल लॅक्सचे वॉलआयचे नियम बाकी राज्यापेक्षा वेगळे असतात आणि बदलत राहतात. १९९९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथला मासा राज्य सरकार आणि ओजिब्वे जमाती मिळून सांभाळतात, दरवर्षी कोटा ठरतो, आणि पाण्यात परत सोडल्यावर मरणारे मासेसुद्धा त्या कोट्यात धरतात. २०१५ मध्ये कोटा संपला म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच वॉलआय बंद केला होता. तेव्हा "मला कोणीतरी सांगितलं होतं" हे वॉर्डनला सांगून उपयोग नाही. आदल्या संध्याकाळची नियमांची मीटिंग चुकवून बिअर प्यायला जाणारे पण मी बघितलेत, दुसऱ्या दिवशी वाद घालायला हेच पुढे.

मासा हातात आल्यावरचं सांगतो. बास माशाचा व्हिडिओ बघून अंगठा तोंडात घालू नका, वॉलआयला दात आहेत, चांगले सुईसारखे. कल्ल्याच्या झाकणाची कड पण कापते. जाळं माशाच्या मागे लावत पळू नका, जाळं पाण्यात स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून आत आणा. पट्टी आधी ओली करा, नाक आडव्या फळीला टेकलेलं, तोंड बंद, शेपूट चिमटीत, आणि फोटोत हे सगळं एकत्र दिसलं पाहिजे. शेपूट फ्रेमच्या बाहेर गेली म्हणजे मासा नाही. फोटो नीट आलाय हे मासा सोडायच्या आधी बघा, सोडल्यावर नव्हे. (हे सुद्धा लिहावं लागतं.) उन्हाळ्यात तीस फुटांच्या खालून मासे ओढून काढू नका, वरती येईपर्यंत त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तरंगत राहतो आणि मरतो. त्या दिवसांत मी उथळ पाण्यातच गरवतो, दोन मासे कमी मिळाले तरी.

चोरी करू नका हे सांगायला नको, पण २०२२ मध्ये क्लीव्हलंडला लेक ईरीच्या टूर्नामेंटमध्ये दोघांनी वॉलआयच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते. सगळ्यांसमोर मासे कापल्यावर शिसं बाहेर पडलं. जेल झाली, मासेमारीचं लायसन निलंबित, बोट पण गेली. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी तपासणी जास्त, तेव्हा तुमचा मासा कोणी दाबून बघितला तर तोंड वाकडं करू नका.

उरलेल्या जळवा, मासळ्या तलावात ओतू नका, कचऱ्यात टाका, तोही कायदा.

आणि टूर्नामेंट झाल्यावर मासा खायला मिळेल या आशेवर आलात तर, बहुतेक मिळणार नाही, आधीच सोडलेला असतो. दुकानात कॅनडाचा नाहीतर रेड लेकच्या ओजिब्वे लोकांचा वॉलआय मिळतो, तो आणा. मांस पांढरं, गोडसर, काटे कमी, त्यामुळे सुरमईसारखा मसाला थापू नका, मीठ, हळद, थोडं आगळ, रव्यात घोळवून तळा. कधी पूर्ण मासा मिळाला तर डोकं तसंच फेकून देऊ नका, डोळ्याखालचे गालाचे दोन गोल तुकडे सुरीच्या टोकाने काढून घ्या, ते तळायला शेवटी टाका, बारीक असतात, पटकन होतात.