उधाणात बुडालेला चाच्यांचा अड्डा

रविवारी टेबलाभोवती बसून आम्ही नकाशावर आपापली पात्रं खेळवतो, त्या खेळासाठी मी चाच्यांच्या ओसाड अड्ड्याचा नकाशा काढला होता. समुद्राकडे तोंड असलेली गुहा, आत होड्यांचा धक्का, मागे दारूगोळ्याचं कोठार. एक चौकोन म्हणजे ५ फूट, सगळं मापात. पेडण्यातल्या आमच्या टोळक्यात एकाचे बाबा मासेमारी करतात. त्यांनी नकाशा पाहिला नि विचारलं, "उधाणाला ही पिंपं कुठं जाणार रे?"

गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाणी जवळपास २ मीटर वरखाली होतं. म्हणजे साडेसहा फूट! माझं कोठार धक्क्याच्या जेमतेम ३ फूट वर. दारूगोळा भिजवणारे चाचे, छान.

मग ओहोटीच्या वेळी केरीच्या किनाऱ्यावर जाऊन खडक बघितले. खाली कालवं, त्यावर शेवाळ, आणखी वर कोरडा खडक. हेच पट्टे गुहेच्या भिंतींवर उतरवले. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचे दोन लेयर केले, एक ओहोटीचा, एक उधाणाचा. खेळताना हवा तो चालू करायचा. कोठार १२ फूट वर नेलं, वाट अरुंद ठेवली.

कवट्या मात्र पुसून टाकल्या. ओसाडपणा त्यांनी येत नाही. कुजलेला दोर, गंजलेली कडी आणि वरच्या कोरड्या कपारीत वटवाघळांची विष्ठा एवढं पुरलं.

भरती दिवसातून दोनदा, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. परवा हा हिशेब कुणी केला नाही, नि चौघांचीही पात्रं गुहेत अडकली.