अमेरिकेची वाढ आणि उत्तर-दक्षिण तेढ (१८१५ ते १८३३): उत्तर लिहिताना या चुका टाळा

या काळावरची उत्तरं तपासायला बसलं की एक साचा हमखास सापडतो. ब्रिटनविरुद्धचं १८१२ चं युद्ध संपलं, देशात एकोपा आला, राष्ट्राध्यक्ष मन्रोंच्या कारकिर्दीत सगळं गुण्यागोविंदानं चाललं आणि मग गुलामगिरीवरून भांडण पेटलं. आधी वाढ, नंतर तेढ. लक्षात ठेवायला सोपं, पण तारखा मांडल्या की कोसळतं. हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडणाऱ्या ईरी कालव्याची खोदाई १८१७ मध्ये सुरू झाली, कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला आणि १८१९ ची मंदी व मिसुरीचा वाद (नव्या मिसुरी राज्यात गुलामगिरी चालू द्यायची का, हा) या दोन तारखांच्या मधेच येतात. ज्या जमिनीवर आणि ज्या कापसावर देश वाढला, त्यावरूनच तो भांडत होता. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहायची सवय लावा.

‘सद्भावनेचं युग’ जसंच्या तसं घेणं

हे बिरुद बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं १८१७ च्या जुलैत, मन्रो तिथं दौऱ्यावर आले तेव्हा वापरलं. त्याच न्यू इंग्लंडचे (ईशान्येकडच्या राज्यांचे) प्रतिनिधी १८१४ च्या डिसेंबरात हार्टफर्डला जमून केंद्राविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचत होते. म्हणजे फुटीची भाषा आधी उत्तरेतच ऐकू आली होती, हेही उत्तरात येऊ द्या. १८२० च्या निवडणुकीत मन्रोंना २३२ पैकी २३१ मतं मिळाली, हा आकडा एकीचा पुरावा म्हणून दिला जातो. त्यावरून फार तर विरोधी फेडरलिस्ट पक्षात उमेदवार उभा करायचीही ताकद उरली नव्हती एवढंच कळतं.

दक्षिण पहिल्यापासून जकातीच्या विरोधात होती असं मानणं

सगळ्यात जास्त गुण इथं जातात. १८१६ च्या संरक्षक जकातीच्या (देशी गिरण्यांना वाचवायला आयात मालावर बसवलेल्या कराच्या) बाजूनं बोलणाऱ्यांत साउथ कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून आणि विल्यम लाउंड्झ होते. विरोधात बोलत होते न्यू इंग्लंडचे डॅनियल वेब्स्टर, कारण तिथले बडे लोक तेव्हा जहाजवाले व्यापारी होते आणि आयात हेच त्यांचं पोट होतं.

या कायद्यातलं एक कलम आपल्या वाचकानं मुद्दाम पाहावं. सुती कापडावर जकात २५ टक्के होती, पण कापड कितीही स्वस्त असलं तरी त्याची किंमत वाराला निदान २५ सेंट धरायची, अशी त्यात मेख होती. समजा एखादं जाडंभरडं कापड १० सेंट वारानं आलं. त्यावर अडीच सेंट जकात बसायला हवी, पण द्यावे लागत सव्वासहा सेंट. हा मार मुख्यतः भारतातून जाणाऱ्या स्वस्त कापडाला बसला. कलमामागे मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या गिरणीचे फ्रान्सिस कॅबट लोवेल होते. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना पटवणं त्यांना जड गेलं नाही, कारण भारतीय कापडात भारतीय कापूस असायचा आणि वॉल्थमच्या कापडात दक्षिणेचा. बारा वर्षांनी, १८२८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचं भांडवल गिरण्यांत गुंतलेलं होतं. वेब्स्टर जकातीच्या बाजूनं गेले. कॅल्हून तोवर उपराष्ट्राध्यक्ष झाले होते, आणि त्यांनी जकातीविरुद्धचं निवेदन नाव न देता लिहिलं. माणसं तीच, हिशेब बदललेला. त्यामुळे ‘दक्षिणेची भूमिका’ असं मोघम न लिहिता पुढे वर्ष घाला.

मिसुरीची रेषा चुकीच्या जागी ओढणं

३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी बंद, असं लिहून मुलं पुढे सरकतात. पण मिसुरी राज्य स्वतःच या रेषेच्या उत्तरेला आहे. तोच अपवाद होता. शिवाय ही रेषा फक्त १८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेल्या लुइझियानाच्या मुलखापुरती होती, साऱ्या देशाला लागू नव्हती. नकाशा काढताना ती अटलांटिकपर्यंत ओढू नका.

दुसरा घोळ मिसुरीच्या विधेयकाला न्यूयॉर्कचे प्रतिनिधी टॅलमॅज यांनी सुचवलेल्या दुरुस्तीचा. मिसुरीतले गुलाम तिथल्या तिथं मुक्त करा, असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. नवे गुलाम आणू नयेत आणि पुढे जन्मणारी मुलं २५ व्या वर्षी मोकळी व्हावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. एवढ्यावरही सिनेट अडून बसलं.

आणि तडजोडीचं सगळं श्रेय प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले यांना देऊ नका. रेषेची सूचना इलिनॉयच्या सिनेटर जेसी थॉमस यांची. क्ले यांची हातोटी अशी की प्रतिनिधिगृहात त्यांनी मुद्दे सुटे करून मताला टाकले. मिसुरीवरचं गुलामगिरीबंदीचं बंधन काढायचा ठराव ९० विरुद्ध ८७ असा कसाबसा तरला. रेषा १३४ विरुद्ध ४२ नं मंजूर झाली. दोन वेगवेगळ्या बहुमतांची ही मोट होती. तिला ‘दोन्ही बाजूंनी मान्य केलेली तडजोड’ म्हणणं जरा उदारपणाचंच.

लहान, पण खटकणाऱ्या चुका

१८०८ पासून गुलामांची आयात बंद झाली म्हणून गुलामगिरी ओसरत होती, हे चूक. १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८२० मध्ये १५ लाखांच्या वर. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा-मिसिसिपीकडे माणसांची विक्री जोरात होती. उत्तरेतही न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८२७ च्या ४ जुलैला.

‘पश्चिमेची रिकामी जमीन’ हे शब्द तर टाळाच. अलाबामात कापूस उभा राहिला त्याआधी, १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहात, तिथल्या मूळ रहिवासी क्रीक लोकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर काढून घेतले होते.

ईरी कालवाही केंद्राच्या पैशातून झाला नाही. तो न्यूयॉर्क राज्यानं बांधला. रस्ते-कालव्यांना केंद्राचा निधी देणारं विधेयक कॅल्हून यांनीच आणलं होतं. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी पद सोडायच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १८१७ ला, ते नाकारलं.

१८३२ चा पेच म्हणजे सरळ उत्तर विरुद्ध दक्षिण असं समजणं

साउथ कॅरोलायनानं जकात कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला तेव्हा तिच्यासमोर उभे राहिलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः टेनेसीचे, गुलाम बाळगणारे मळेवाले होते. दक्षिणेतलं दुसरं एकही राज्य तिच्या मागे गेलं नाही. १८३३ मध्ये काँग्रेसनं जकात टप्प्याटप्प्यानं कमी केली आणि सोबत अध्यक्षाला बळ वापरायचा अधिकार देणारा कायदाही केला. बहुतेक उत्तरं इथंच थांबतात. साउथ कॅरोलायनाच्या परिषदेनं त्यानंतर आपला जकातीविरुद्धचा ठराव मागे घेतला आणि त्याच बैठकीत तो नवा बळाचा कायदा रद्दबातल ठरवून टाकला.