पीसी तापतोय? आधी नक्की काय तापतंय ते बघा

टेंपरेचर ९० दिसलं की लोक लगेच नवीन कूलर मागवतात, प्लीज तसं करू नका. आधी एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर दाखवणारा प्रोग्राम) टाका आणि सीपीयू पॅकेजचा, म्हणजे प्रोसेसरचा आकडा बघा, कारण मदरबोर्डचे काही सेन्सर जोडलेलेच नसतात आणि ते १२७ असलं भलतंच काहीतरी दाखवत बसतात, तिकडे लक्षच देऊ नका. प्रोसेसर रायझन ७९५०एक्स असेल तर फुल लोडला ९५ होणारच, एएमडीने तो तसाच बनवलाय.

पण नुसतं बायोस (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) उघडल्यावर आकडा भराभर ८०-९० वर चढत असेल तर फॅन फिरतोय का बघा, फिरत असेल तर बहुतेक कूलर नीट बसलेला नाही. इंटेलच्या स्टॉक (प्रोसेसरसोबत येणाऱ्या) कूलरच्या ४ पुश पिनांपैकी एखादी हमखास सुटलेली असते, पीसी बंद करून एकेक हलवून बघा, हलली की सापडलीच.

गेम खेळताना हळूहळू वाढतंय? साइड पॅनल काढून तोच गेम परत तेवढाच वेळ चालवा. आकडा चांगला खाली आला तर केसमध्ये हवा खेळत नाहीये, नाही आला तर हीटसिंकमध्ये (कूलरच्या धातूच्या पात्यांमध्ये) धूळ अडकलीय किंवा प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट सुकलीय. धूळ काढायला ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नवीन पेस्ट लावलीत तर वाटाण्याएवढी पुरते.